कॅफेत वाजवायला अकूस्टिक गिटार हवी आहे, बजेट १५ हजार (ताणलं तर १८)

नाशिकचा_नवशा | ११ जून, २२:०५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी आणि माझा मित्र महिन्यातून दोन शनिवारी एका कॅफेत वाजवतो. तो गातो, मी वाजवतो आणि मधूनच सूर लावल्याचं नाटक करतो. जुनी भावगीतं, नव्वदीतली हिंदी आणि शेवटी फर्माइशी. दीड हजार आणि रात्रीचं जेवण मिळतं. माझ्याकडे सात वर्षं जुनी यामाहा एफ३१० आहे. घरात झकास वाजते. कॅफेत तिच्यासमोर माईक ठेवला की दोनच गोष्टी होतात: एक तर ती ऐकूच येत नाही, नाहीतर आवाज वाढवल्यावर घूंऽऽऽ करून बोंबलते. मागच्या शनिवारी एका काकूंनी कानात बोटं घातली आणि थालीपीठ पार्सल करून घेतलं.

आता गणपतीत आमच्या सोसायटीचं आणि एका मंडळाचं बोलणं झालंय. त्याआधी काहीतरी करायला हवं. आहे त्याच गिटारीला पिकअप (गिटारीतच बसणारा, आवाज उचलणारा भाग) बसवू की पिकअपवाली नवी घेऊ? १५ हजारांत सॉलिड टॉप (वरची फळी अखंड लाकडाची) मिळते का, आणि तिचा खरंच उपयोग होतो का? दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून घ्या साहेब." डोळे झाकायला माझी हरकत नाही, पण कानाने नेमकं काय ऐकायचं तेच कळत नाहीये.

वाचनमात्र_वामन | ११ जून, २२:१९

वाचतोय.

चहाटळ | ११ जून, २२:३१

थालीपीठ पार्सल करून नेलं म्हणजे काकू रसिक होत्या. बेरसिक माणूस बिल न देता जातो.

देवदारप्रेमी | ११ जून, २३:१०

सॉलिड टॉप घ्या, दुसरा विचारच करू नका. लॅमिनेट म्हणजे प्लायवूड. अखंड स्प्रूसची फळी जसजशी वाजत जाते तसतसा तिचा आवाज उघडत जातो. यामाहाची एफजी८०० बघा, तिला अखंड स्प्रूसचा टॉप आहे. पिकअप नंतर बसवता येतो, लाकूड नंतर बसवता येत नाही. मी माझी अकरा वर्षं वाजवतोय, आता तिला नुसतं हातात घेतलं तरी बोलते.

खर्जातला_खंड्या | १२ जून, ००:४०

गेली १४ वर्षं मिक्सरमागे बसून गाणाऱ्यांच्या आणि आयोजकांच्या शिव्या खातोय, त्या अधिकाराने जरा लांबण लावतो.

नवशाराव, आधी ती घूं समजून घ्या. स्पीकरमधला आवाज गिटारीच्या पोकळीत शिरतो, वरची फळी थरथरते, ती थरथर माईक उचलतो आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. झालं गोल फिरणं सुरू, यालाच फीडबॅक म्हणतात. ड्रेडनॉट म्हणजे तुमच्या एफ३१०सारख्या मोठ्या गिटारीची पोकळी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपसूकच घुमते. आता बघा, जी कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर ९८ हर्ट्झ आणि पाचवी तार मोकळी छेडली की ११०. म्हणजे तुमची बोंब बहुतेक जी किंवा ए कॉर्डवर होत असणार. चूक असेल तर सांगा, कान पकडतो.

म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी मला सांगा, कॅफेतला स्पीकर कुठे आहे? तुमच्या पाठीमागे भिंतीवर टांगलेला असेल तर ५० हजारांची गिटारही बोंबलेल.

आता पिकअप. स्वस्त इलेक्ट्रो-अकूस्टिकमध्ये ब्रिजवरच्या (पेटीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) पांढऱ्या पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, पिएझोची बारीक पट्टी असते. ती तारांचा दाब उचलते, हवेतला आवाज जवळजवळ नाहीच. त्यामुळे माईकपेक्षा कितीतरी जास्त आवाज वाढवता येतो. बदल्यात आवाज थोडा प्लास्टिकचा, टक् टक् येतो, विशेषतः जोरात स्ट्रमिंग केलं की. मिक्सरवर मधल्या-वरच्या सुरांचा आवाज जरा खाली घेतला की बरा होतो.

देवदारप्रेमी यांचा मुद्दा घरासाठी शंभर टक्के मान्य. पण स्टेजवर लोक तुमची फळी ऐकत नाहीत. ते पिएझो, प्रीअँप (पिकअपचा सिग्नल मोठा करणारं छोटं सर्किट), मिक्सर आणि कॅफेवाल्याचा स्पीकर ऐकतात. शिवाय हलकी, मोकळी सॉलिड फळी जास्त थरथरते, म्हणून ती फीडबॅकही लवकर देते. तुम्ही हिणवता ते प्लायवूड इथे कामाचं ठरतं.

देवदारप्रेमी | १२ जून, ०८:१५

खंड्या, वाजवणाऱ्याला काय वाटतं याला काही किंमत आहे की नाही? हातातलं वाद्य मेलेलं असेल तर वाजवणं पण मेलेलंच निघतं. मिक्सरमागच्या माणसाला हे कळणार नाही.

खर्जातला_खंड्या | १२ जून, ०८:५२

किंमत आहे. ती १५ हजारांच्या वर आहे. हलकेच घ्या.

म्हापसेकर | १२ जून, ११:३०

गोव्यातून बोलतो. सीझनला आठवड्यात चार-चार दिवस शॅकवर आणि हॉटेलात वाजवतो, एका दिवसाचे तीन सेट. खंड्याशी सहमत. माझ्याकडे एक महागडी सॉलिड आहे, ती घरी झोपते. शॅकवर कॉर्टची एडी८१०ई नेतो. खारी हवा, घाम, वाळू, वर कोणीतरी प्रेमाने बिअर सांडतो. जी गिटार खाली ठेवून जेवायला जाताना छातीत धडधडत नाही, तीच गिगची गिटार.

तुझ्या पैशांत बघायच्या त्या अशा: कॉर्टची एडी८१०ई आणि यामाहाच्या एफएक्स मालिकेतल्या, दोन्ही मोठ्या अंगाच्या, पिकअप आणि ट्यूनर आतच. अंग लहान हवं असेल तर यामाहाची एपीएक्स६००. पातळ पेटी, सगळ्यात खोल जागी ९० मिलिमीटर, म्हणून कमी घुमते, उभं राहून वाजवायला सोपी. पण ती नवी घेतलीस तर बजेट ओलांडणार, जुनी शोधावी लागेल. फेंडरच्या सीडी-६०एससीईला पिकअपही आहे आणि टॉपही सॉलिड, देवदारप्रेमींना पण आवडेल, पण तीही नवी १८ मध्ये बसेल असं धरून चालू नकोस. किंमती वर-खाली होतात, दुकानात विचार. धोबीतलावचं फुर्तादो जवळ नसलं तरी मुंबईला जाणं झालं तर एक दुपार तिथे घालव. फुकट वाजवायला मिळतं.

आणि एक. दुकानात नुसती वाजवून घेऊ नको. अँपला जोडायला सांग. आपली केबल आपण घेऊन जा, दुकानातली नेहमी खरखरते.

नाशिकचा_नवशा | १२ जून, १३:०२

खंड्यादादा, दंडवत! जी वरच. आणि स्पीकर पाठीमागे भिंतीवरच आहे, बरोबर माझ्या डोक्यावर. तुम्ही आमच्या कॅफेत येऊन गेलात का?

खर्जातला_खंड्या | १२ जून, १३:२०

सगळे कॅफे असेच असतात. स्पीकर जेवणाऱ्यांसाठी लावलेला असतो आणि कलाकाराला उरलेल्या कोपऱ्यात बसवतात. मालकाला विचारून समोरच्या कोपऱ्यात बसा, म्हणजे स्पीकर तुमच्या पुढे आणि त्याचं तोंड तुमच्यापासून लांब. माईकच वापरायचा तर मानेवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, वीतभर अंतरावर. भोकासमोर नको, तिथेच सगळी घूं असते. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. गिटारीच्या भोकात बसवायचं रबरी झाकणही मिळतं, काही शेकड्यात. दिसायला ओंगळ, पण काम करतं.

अण्णा_सातारकर | १२ जून, १७:४५

तुमच्या चर्चेने जुने दिवस आठवले. ऐंशीच्या दशकात आमच्या ऑर्केस्ट्रात मी हवाईयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी, डाव्या हातात लोखंडी बार. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवलेले ऐकून आम्ही कित्येक जण या वाद्याच्या नादी लागलो. पिकअप वगैरे साताऱ्यात कुठून मिळणार? आमच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने गजराच्या घड्याळातली पितळी चकती काढली, तिला दोन वायरी डकवल्या आणि मेणाने गिटारीला चिकटवली. चक्क चालायची! फक्त बोट पेटीला लागलं की मंडपात तोफ उडाल्यासारखा आवाज. एकदा मी सवयीने पेटीवर ताल धरला आणि अध्यक्षांच्या हातातला नारळ खाली पडला.

चहाटळ | १२ जून, १८:०१

अण्णा, नारळ फुटला का? म्हणजे उद्घाटन झालंच की.

खर्जातला_खंड्या | १२ जून, १८:३०

अण्णा, ती चकती म्हणजे पिएझोच! आजही बझरची चकती बाजारात काही रुपयांत मिळते आणि हौशी मंडळी तेच करतात. तुमचा रेडिओवाला काळाच्या पुढे होता.

नवशाराव, पण हा प्रयोग मंडळात करू नका. नुसता पिएझो सरळ मिक्सरला जोडला की आवाज पातळ आणि किरकिरा येतो, कारण पिएझोला पुढच्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा) फार मोठा लागतो, एक मेगाओम किंवा त्याच्या वर, आणि मिक्सरचं साधं लाइन इनपुट असतं १० किलोओमच्या घरात. मध्ये प्रीअँप हवाच. पिकअपवाल्या गिटारीत तो बहुतेक वेळा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो.

रत्नांग्रीची_रेवा | १२ जून, २१:१०

मी कोकणात राहते, सॉलिड-लॅमिनेट वादात माझेही चार आणे. पहिल्या पावसाळ्यात माझ्या सॉलिड टॉपची फळी ओलाव्याने फुगली, ब्रिजमागे पोट आलं आणि तारा पट्टीपासून इतक्या वर गेल्या की बार कॉर्ड धरताना रडू यायचं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर थोडी बसली. आता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, केस नेहमी बंद, आणि गिटार कधीच बाहेरच्या भिंतीला टांगायची नाही. हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के असावा म्हणतात. आमच्याकडे जुलैत ती फक्त फ्रीजमध्ये मिळेल! माझी लॅमिनेट मात्र बारा महिने तशीच.

आणखी एक बायकी तक्रार. मी पाच फूट एक इंच. ड्रेडनॉटवर तासभर वाजवलं की उजवा खांदा कामातून जातो. नवशा, तुम्ही उंच असाल तर सोडून द्या, पण दुकानात बसून नाही, पट्टा लावून उभं राहून वाजवून बघा. बऱ्याच स्वस्त गिटारींना पट्ट्याचं बटण एकच असतं, दुसरं बसवून घ्यावं लागतं. आणि पिकअपवाल्या गिटारीत खालचं बटण हेच केबलचं भोक असेल, तर पट्टा त्यावरून सटकतो. रबरी वॉशर लावा. माझी एकदा भर कार्यक्रमात गुडघ्यावर आली.

न्यूजर्सीची_निशिगंधा | १३ जून, ०६:५०

रेवाताई, आमच्याकडे उलटं रडगाणं. हिवाळ्यात घरात हीटिंग चालू झालं की हवा ठणठणीत कोरडी. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला गिटार काढली तर टॉपला ब्रिजपासून खाली बारीक चीर. आता केसमध्ये ओला स्पंज घातलेली साबणाची भोकं पाडलेली डबी ठेवते. तुमची पुडी आणि माझी डबी एकमेकींना भेटल्या तर दोन्ही गिटारी सुखी होतील.

टोमणेकर | १३ जून, १०:०५

दीड हजाराच्या गिगसाठी १८ हजारांची गिटार. बारा कार्यक्रम फुकट. शुभेच्छा.

नाशिकचा_नवशा | १३ जून, १०:४०

टोमणेकर, जेवण धरलं नाहीत. आम्ही दोघंही चांगलं जेवतो.

बरं, मग मूळ प्रश्न: जुन्या एफ३१० ला पिकअप की नवी?

म्हापसेकर | १३ जून, १२:१५

जुनीची मान सरळ असेल आणि तुझा हात तिच्यावर बसला असेल तर पिकअप बसव. बऱ्यापैकी पिकअप आणि मजुरी मिळून चार-सहा हजारांत काम होतं. फक्त पेटीला चौकोनी भोक पाडून प्रीअँप बसवणाऱ्या माणसाचं आधीचं काम बघून घे. एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. भोकात अडकवायचे मॅग्नेटिक पिकअप पण असतात, ते काहीच न कापता बसतात, आवाज जरा इलेक्ट्रिककडे झुकतो. मला आवडतो, सगळ्यांना नाही आवडत.

माझं मत विचारशील तर जुनी तशीच राहू दे, घरी रियाजाला. एक जुनी पिकअपवाली शोध. इंजिनिअरिंगची पोरं दर जूनमध्ये गिटारी विकतात. पहिल्या वर्षाला उत्साहाने घेतात, चौथ्या वर्षाला नोकरी लागते.

खर्जातला_खंड्या | १३ जून, १४:३०

यावर अनुमोदन. जुनी बघताना काय बघायचं ते सांगतो. मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बघा, वाकडी-पिळलेली नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकतंय का? सरकलं तर ब्रिज सुटायला लागलाय, नमस्कार करून निघा. बाराव्या पट्टीवर जाड तार आणि पट्टी यांत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठीक, चारच्या पुढे असेल तर खर्च आहे. बॅटरीचं झाकण उघडा, आत हिरवी बुरशी नको. मग अँपला जोडा आणि सहाही तारा एकेक, सारख्या जोराने छेडा. एखादी तार दबलेली आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा सॅडलचा तळ सपाट नसतो, कारागीर घासून देतो. पण त्याच्या नावाखाली किंमत जरूर पाडा.

वाचलेल्या पैशांचा डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायची डबी) घ्या, साधा पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारा, चालेल, तुमच्या गिटारीत प्रीअँप असणारच. मंडळाच्या स्टेजवर मिक्सर तुमच्यापासून २० मीटर लांब असतो. गिटारची साधी केबल एवढी ओढली की वरचे सूर मरू शकतात आणि जनरेटरची गुणगुण आत येते. डीआयपासून पुढे माईकची केबल जाते, ती लांब गेली तरी चालते. त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. गुणगुण आली की ते दाबा, मग अर्थिंगवाल्याला शिव्या द्या.

देवदारप्रेमी | १३ जून, १६:००

डीआय बॉक्सवर पैसे आणि लाकडावर नाही. कलियुग.

वाचनमात्र_वामन | १३ जून, १६:०४

अजूनही वाचतोय. उत्तम धागा.

नाशिकचा_नवशा | २८ जून, २३:२०

अपडेट देतो, लोक धागा काढून गायब होतात तसं नको.

आधी फुकटचा उपाय. मालकाला पटवून समोरच्या कोपऱ्यात बसलो, १०० च्या खालचं कापलं. एफ३१० आणि तोच माईक. घूं अर्ध्याहून कमी! मित्र म्हणाला, आता गिटार ऐकू येते आणि माझे बेसूरही. त्याचं त्यालाच कळलं हे बरं.

मग दुकानात गेलो. म्हापसेकर यांचं ऐकून अँपला जोडून ऐकल्या, स्वतःची केबल नेऊन. मित्र वाजवत होता, मी पाठ करून उभा. पाच गिटारी. अँपशिवाय ऐकल्या तेव्हा सगळ्यात महाग सॉलिडवाली माझी पहिली होती, अँपमधून तिसरी. देवदारप्रेमी, रागावू नका, बिनअँपची ती खरंच सुंदर होती. अजून डोक्यातून गेलेली नाही.

शेवटी घेतली जुनी. तुम्ही म्हणालात तसाच, नोकरी लागून बंगळूरला निघालेला मुलगा. कटअवेवाली, पिकअप आणि ट्यूनर असलेली लॅमिनेट, ९ हजार. तिसरी तार अँपमधून दबलेली येत होती, त्यावरून १० चे ९ केले. त्याची आई बाजूला उभी होती, ती म्हणाली, "द्या हो, कोपरा तरी मोकळा होईल." कारागिराने सॅडल घासून, तारा खाली घेऊन, नव्या तारा टाकून ९०० घेतले. तिसरी तार आता बाकीच्यांइतकीच बोलते. डीआय बॉक्स घेतला. सगळं मिळून १३ च्या आत.

रत्नांग्रीची_रेवा | २९ जून, ०९:१२

मस्त! वॉशर लावला का?

नाशिकचा_नवशा | २९ जून, ०९:३०

लावला, ताई. दोन्हीकडे.

टोमणेकर | २९ जून, ११:००

आता नऊच कार्यक्रम फुकट. प्रगती आहे.

कॅपोवाला_केदार | १५ जुलै, १९:४०

धागा छान आहे. युकुलेले कोणता घ्यावा? बजेट ३ हजार.

चहाटळ | १५ जुलै, १९:४४

नवीन धागा काढा, नाहीतर अण्णा घड्याळातली चकती घेऊन येतील.

नाशिकचा_नवशा | गणपतीचा सहावा दिवस, ००:५०

मंडळाचा कार्यक्रम करून आलो. साडेआठला चालू होणार होता, आरती लांबली, नऊ वाजले. दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. हातात एक तास. दुसऱ्या गाण्याला गिटारीचा आवाज फाटल्यासारखा यायला लागला आणि तिसऱ्याच्या आधी गेलाच. साउंडवाल्याने केबल बदलली, डीआय बदलला, चॅनेल बदलला. काही नाही. मित्राने लोकांना पाच मिनिटं विनोद सांगितले, त्यातले तीन मला आधी माहीत नव्हते. शेवटी पोराटोरांकडून माईक मागून घेतला, बाराव्या पट्टीच्या समोर वीतभर ठेवला आणि उरलेला कार्यक्रम तसा केला. स्पीकर पुढे होते, घूं झाली नाही. खंड्यादादा, त्यासाठी तुमचे पाय धरायला हवेत.

पण गिटारीला झालं काय असेल? नवी बॅटरी मी परवाच टाकली होती.

खर्जातला_खंड्या | सातवा दिवस, ०७:३०

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सराव करून झाल्यावर केबल गिटारीतच ठेवली होती का?

नाशिकचा_नवशा | सातवा दिवस, ०७:४१

हो. रात्रभर. का?

खर्जातला_खंड्या | सातवा दिवस, ०७:४५

केबल आत घातली की प्रीअँप चालू होतो. काढेपर्यंत चालूच. बॅटरी गेली. एक जादाची केसमध्ये ठेवा आणि झाकण उघडायला लागणारा छोटा पेचकसही. कारण तो त्या वेळी कोणाकडेच नसतो.

अण्णा_सातारकर | सातवा दिवस, १०:२०

आमच्या चकतीला बॅटरी लागत नसे.